तयार डेटाबेस सर्व्हर: मशीन झकास, पण गाडी २१४ वर अडते

आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन तारे. तीन मशीनला, अर्धा सपोर्टमधल्या एका माणसाला. उरलेला दीड तारा कॉन्फिगमधल्या एकाच ओळीनं खाल्ला, आणि हे परीक्षण बरंचसं त्या ओळीबद्दलच आहे.

सेवा अशी आहे. क्लाउड कंपनीच्या पॅनेलवर जायचं, मशीनचा आकार निवडायचा, 'मायएसक्यूएल ८.०' वर टिचकी मारायची. थोड्याच वेळात उबुंटू या लिनक्सवर बसवलेला चालू डेटाबेस तुमच्या हाती. ही पूर्ण मॅनेज्ड सेवा (सगळी देखभाल कंपनीच करते अशी) नव्हे. मशीनवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून शिरता येतं, हवं ते उघडून बघता येतं, बिघडवताही येतं. मला असंच लागतं. जिथं रूट मिळत नाही तिथं आपण फक्त तिकीट टाकायचं आणि वाट बघायची, ते माझ्या स्वभावात नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. जो दोष सांगणार आहे तो कुठल्याही तयार इमेजमध्ये (कंपनीनं आधीच सगळं बसवून ठेवलेल्या मशीनच्या साच्यात) निघू शकतो, आणि तपासायची रीत सगळीकडे तीच.

मी छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांचे डेटाबेस सांभाळते. हा सर्व्हर घेतला तो हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका ग्राहकासाठी. त्यांची रचना जुन्या वळणाची: प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी स्कीमा (टेबलांचा वेगळा संच), प्रत्येक स्कीमात तीच ती टेबलं, त्यातल्या मोठ्या टेबलांची महिन्यावार पार्टिशन्स, म्हणजे तुकडे. इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनात, टेबलागणिक एक आयबीडी फाइल होते, आणि टेबलाचे पार्टिशन पाडले की पार्टिशनगणिक एक. त्यामुळे डेटा बेताचाच, पण फाइलींचा नुसता सुळसुळाट. अशा डेटाबेसला मोठं मशीन लागत नाही. त्याला एकाच वेळी भरपूर फाइली उघड्या ठेवायची परवानगी लागते.

मशीनबद्दल तक्रार नाही. डिस्क एकसारख्या वेगानं चालते, शेजारच्या कुणाच्या कामाचा त्रास जाणवत नाही, खासगी नेटवर्क सांगितल्यासारखं वागतं, स्नॅपशॉट (अख्ख्या मशीनची त्या क्षणाची प्रत) पटकन होतो आणि त्यातून मशीन खरंच परत उभं राहतं (हे मी घेतल्या घेतल्या करून बघते, नंतर नाही). तीन तारे इथंच संपले.

आता दुखणं. ॲप्लिकेशनकडून गर्दीच्या वेळी 'टू मेनी कनेक्शन्स' ही तक्रार यायला लागली, एरर क्रमांक १०४०. पॅनेलवर 'डेटाबेस सेटिंग्ज' नावाचं सुबक पान आहे, तिथं मॅक्स_कनेक्शन्स (एकाच वेळी किती कनेक्शन चालतील ती मर्यादा) ५०० दिसत होतं. ते मीच ठेवलं होतं. ॲप्लिकेशनवाल्यांचं म्हणणं, आमचे पूल (ॲप्लिकेशननं उघडून ठेवलेल्या कनेक्शनचे साठे) मिळून अडीचशेच्या वर कधी जातच नाहीत. दोघांचं खरं असेल तर तक्रार येण्याचं कारणच नाही.

मायएसक्यूएलमध्ये एक सोय चांगली आहे. सगळ्या जागा भरल्या तरी प्रशासकासाठी एक जादा कनेक्शन राखून ठेवलेलं असतं. त्यातून आत गेले आणि पॅनेलला न विचारता सर्व्हरलाच विचारलं: मॅक्स_कनेक्शन्स किती? उत्तर आलं, २१४.

ज्यांनी हा आकडा आधी पाहिलाय ते इथंच हसले असतील. २१४ कुणी हातानं टाइप करत नाही. तो वजाबाकीतून येतो. सर्व्हर सुरू होताना आपल्याला किती फाइली उघडता येतील ते ऑपरेटिंग सिस्टमला विचारतो. उत्तर १०२४ आलं, तर त्यातले १० स्वतःच्या किरकोळ कामाला ठेवतो, टेबल कॅशची (उघडलेली टेबलं हाताशी ठेवायच्या जागेची) किमान मर्यादा ४००, तिचे दुप्पट म्हणजे ८०० बाजूला काढतो, आणि उरलेले २१४ कनेक्शनना देतो. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक सॉकेट (जोडणीचं टोक), आणि लिनक्सच्या लेखी सॉकेट हीसुद्धा एक उघडी फाइलच. तुम्ही कॉन्फिगमध्ये ५०० लिहा नाहीतर ५०००, तो २१४ वरच थांबणार.

याचा भाऊ ४३१. मॅक्स_कनेक्शन्स मूळच्या १५१ वरच ठेवलं असेल तर कनेक्शनना कात्री लागत नाही, टेबल कॅशला लागते: १०२४ मधून १० आणि १५१ गेले, उरलेल्याचे अर्धे, ४३१. टेबल_ओपन_कॅश ४३१ दिसलं की दुसरं काही बघायला नको, फाइलींची मर्यादा १०२४ आहे.

या दुखण्याची गंमत म्हणा किंवा खोड म्हणा, ते स्वतःच्या नावानं कधी समोर येत नाही. 'टू मेनी ओपन फाइल्स', एरर २४, असं स्पष्ट ओरडलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मायएसक्यूएल शहाणा आहे. तो भिंतीवर जाऊन आदळत नाही, आधीच अंग आकसून घेतो. मग दिसतं ते वेगळंच. कधी कनेक्शन संपल्याची तक्रार, कधी विनाकारण मंदपणा. आमच्याकडे मंदपणा कनेक्शनच्या तक्रारीच्या कितीतरी आधीपासून होता. प्रोसेसर निवांत, डिस्क निवांत, मेमरी शिल्लक, तरी साध्या क्वेरी रेंगाळायच्या. टेबल कॅश ४००० ऐवजी ४०० वर आलेली, आणि स्कीमा इतक्या की प्रत्येक गिऱ्हाइकाचं टेबल उघडायला दुसऱ्याचं बंद करावं लागायचं. ओपन्ड_टेबल्स हा आजवर किती टेबलं उघडली ते मोजणारा काउंटर दोनदा, थोड्या अंतरानं बघितला तर लगेच कळतं. स्थिर झालेल्या सर्व्हरवर तो जेमतेम हलतो. आमचा धावत होता.

इथं पॅनेलचे गुण कापते. आलेख आहेत प्रोसेसरचा, मेमरीचा, डिस्कचा, नेटवर्कचा. उघड्या फाइलींचा नाही. ठीक आहे, फार कुणी देत नाही. पण 'डेटाबेस सेटिंग्ज' हे पान कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलंय तेवढंच दाखवतं, सर्व्हर प्रत्यक्षात काय वापरतोय ते नाही. याला सेटिंग्ज म्हणायचं तर म्हणा. माझ्या लेखी ती इच्छापत्रं. त्याहून वाईट म्हणजे लॉगची खिडकी. सर्व्हरनं सुरू होतानाच सगळं लिहून ठेवलं होतं: मॅक्स_ओपन_फाइल्स १०२४ वर आणलं, मागितले होते ८५१०, मॅक्स_कनेक्शन्स २१४ वर आणलं, मागितले होते ५००, टेबल_ओपन_कॅश ४०० वर आणलं, मागितले होते ४०००. तीन ओळी, तिन्ही 'वॉर्निंग' दर्जाच्या. पॅनेलची खिडकी मुळात फक्त 'एरर' दाखवते. गाळणी बदलायची सोय आहे, पण ती कोपऱ्यातल्या मेन्यूच्या आतल्या मेन्यूत. ज्यानं ही खिडकी बनवली त्यानं डेटाबेस कधी सांभाळला नसावा.

८५१० कुठून आले असं कुणी विचारेल म्हणून सांगते: १०, अधिक ५०० कनेक्शन, अधिक ४००० च्या दुप्पट. हाच हिशेब उलटा करून आपल्याला किती लागतील ते काढायचं असतं.

मग सपोर्ट. तिकीट टाकलं, उत्तर लवकर आलं, त्याचं कौतुक. उत्तरात त्यांच्याच मदतपानाचा दुवा. त्या पानावर दोन उपाय, आणि दोन्ही या ठिकाणी निरुपयोगी. एक तर उपद्रवी.

पहिला उपाय: ईटीसीमधल्या सिक्युरिटी फोल्डरातल्या लिमिट्स डॉट कॉन्फ फाइलीत सगळ्या युजरांसाठी नोफाइलची (एका प्रोसेसनं उघड्या ठेवायच्या फाइलींची) मर्यादा वाढवा आणि मशीन रीस्टार्ट करा. हा सल्ला सगळीकडे सापडतो आणि एके काळी चालायचाही. पण ती फाइल वाचतं ते पॅममधलं, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं, पॅम_लिमिट्स हे मॉड्यूल. माणूस लॉगिन करतो तेव्हा पॅम मध्ये येतं. सिस्टमडीनं (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामनं) सुरू केलेली सर्व्हिस लॉगिन करत नाही; युनिट फाइलीत (त्या सर्व्हिसच्या सूचनांच्या फाइलीत) पॅमचं नाव मुद्दाम घातलं नसेल तर ती त्या दारानं जातच नाही. तुम्ही त्या फाइलीत दहा लाख लिहा, डेटाबेसला पत्ता लागणार नाही. फसगत इथं होते की लिहून झाल्यावर माणूस परत लॉगिन करतो, यूलिमिट -एन ही मर्यादा दाखवणारी कमांड मारतो, नवा आकडा दिसतो, आणि खूश होतो. तो आकडा त्याच्या स्वतःच्या शेलचा असतो. डेटाबेस आपल्या जागी १०२४ वरच.

दुसरा उपाय: सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग्जमध्ये) एफएस डॉट फाइल-मॅक्स १,००,००० करा. ही अख्ख्या मशीनची मर्यादा. माझा प्रश्न एका प्रोसेसच्या मर्यादेचा, त्यांचं उत्तर सगळ्या मशीनच्या मर्यादेचं. बरं, वाढवायला तरी सांगावं! २०१८ च्या अखेरीस आलेल्या सिस्टमडी २४० पासून ही मर्यादा बूट होतानाच जमेल तितकी वर नेली जाते. प्रोकमधल्या (कर्नल आपली माहिती दाखवतं त्या फोल्डरातल्या) फाइल-एनआर मध्ये तिसरा आकडा बघा, ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असा एकोणीस अंकी निघतो. त्याच्या जागी १,००,००० लिहायचं म्हणजे वाढवणं नव्हे, कमी करणं. मदतपान त्या आधीच्या काळातलं आहे आणि नंतर कुणी उघडून बघितलेलं नाही, हे त्यावरून कळलं.

दोन्ही करून फरक पडणार नाही हे कळवल्यावर तिसरं उत्तर आलं: मोठा प्लॅन घ्या. हे मात्र मी करून बघितलं, कारण तासावर मशीन घेता येतं. दुप्पट मेमरी, दुप्पट कोअर, तीच इमेज. मॅक्स_कनेक्शन्स विचारलं. २१४.

खरी तपासणी एकाच जागी होते, आणि ती कुठल्याही लिनक्सवर, कुठल्याही डेटाबेससाठी सारखी आहे. चालू प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे क्रमांक, काढा, प्रोकमधल्या त्या क्रमांकाच्या फोल्डरातली लिमिट्स ही फाइल वाचा, 'मॅक्स ओपन फाइल्स' ही ओळ बघा. दोन आकडे दिसतात, सॉफ्ट (सध्या लागू असलेली मर्यादा) आणि हार्ड (तिचं छत). त्याच फोल्डरातल्या एफडी या उपफोल्डरातल्या नोंदी मोजल्या की सध्या किती उघड्या आहेत तेही कळतं. कॉन्फिग काय म्हणतंय, पॅनेल काय म्हणतंय, सपोर्ट काय म्हणतंय, सगळं बाजूला ठेवायचं. कर्नल जे म्हणेल ते खरं.

आमच्याकडे दोन्ही आकडे १०२४ होते, आणि त्यातला दुसरा बघून मी चमकले. सॉफ्ट १०२४ असणं रीतीचं आहे. जुना सिलेक्ट हा कॉल १०२४ च्या पुढच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीच्या क्रमांकावर) गडबडतो, म्हणून सॉफ्ट मर्यादा अजूनही जपून तिथंच ठेवतात. पण हार्ड मर्यादा सिस्टमडी २४० पासून मुळातच ५,२४,२८८ असते. तेवढी मोकळीक असती तर मायएसक्यूएलनं स्वतःच उठून स्वतःची सॉफ्ट मर्यादा ८५१० पर्यंत नेली असती. तेवढा कोड त्याच्यात आहे. हार्डच १०२४ असेल तर रूट नसलेल्या प्रोसेसला ती ओलांडता येत नाही. म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम खाली आणली होती.

सिस्टमसीटीएल कॅट मायएसक्यूएल असं मारलं आणि ती ओळ सापडली. कंपनीनं मूळ पॅकेजची युनिट फाइल बाजूला सारून आपली स्वतःची लिहिली होती, त्यांच्या पॅनेलशी जुळणारी, आणि तिच्यात लिमिटनोफाइल=१०२४. एकच आकडा दिला की सिस्टमडी सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही तोच ठेवतं. वेगवेगळे हवे असतील तर मधे अपूर्णविराम (:) घालून दोन आकडे द्यावे लागतात. लिहिणाऱ्याला बहुधा 'जे नेहमी असतं तेच लिहू' असं वाटलं असावं, आणि त्या नादात त्यानं छत पण खाली ओढलं. ही ती दीड ताऱ्याची ओळ.

त्याच कंपनीची मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसची इमेज मी दुसऱ्या कामाला वापरते, तिच्यात हा दोष नाही. कारण साधं आहे: तिथं मूळ पॅकेजची युनिट फाइल जशीच्या तशी ठेवलीय, आणि तिच्यात ६४,००० आहे. मोंगो कलेक्शनगणिक (त्याच्या टेबलागणिक म्हणा) आणि इंडेक्सगणिक वेगळी फाइल करतो, त्याच्या लोकांना ही खोड माहीत आहे. मर्यादा कमी असेल तर तो सुरू होतानाच तसं बजावतो. पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसची बात आणखी निराळी. तिथं प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, आणि मॅक्स_फाइल्स_पर_प्रोसेस मुळात १०००, म्हणून १०२४ मध्येही तो बिचारा निमूट बसतो. बनवणाऱ्यांनी जे ठरवलंय त्याला हात न लावणं हेच इमेज बनवणाऱ्याचं निम्मं काम असतं.

दुरुस्ती सांगण्यासारखी फार नाही. युनिट फाइलीला थेट हात लावला नाही; कंपनीचं अपडेट आलं की ती पुसली जाणार. सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल मारलं की वेगळी ओव्हरराइड फाइल उघडते, तिच्यात सर्व्हिस या मथळ्याखाली एकच ओळ: लिमिटनोफाइल=२००००. मग रीस्टार्ट. दिवसाढवळ्या रीस्टार्ट परवडणार नव्हता, म्हणून रात्रीपर्यंत टेकू दिला: रूट म्हणून पीआरलिमिटनं चालू प्रोसेसची मर्यादा वाढवली आणि आतून सेट ग्लोबलनं मॅक्स_कनेक्शन्स ४०० केलं. ओपन_फाइल्स_लिमिट मात्र चालू सर्व्हरवर बदलता येत नाही, ते वाचण्यापुरतंच आहे. टेकू तो टेकूच. रीस्टार्ट झाला की सगळं मूळपदावर येतं, म्हणून त्याच्या भरवशावर कुणी झोपू नये.

रात्री रीस्टार्ट केला. प्रोकमध्ये दोन्ही आकडे २०,०००, सर्व्हरच्या आत ओपन_फाइल्स_लिमिट २०,०००, मॅक्स_कनेक्शन्स ५००, टेबल कॅश ४०००. वॉर्निंगच्या तिन्ही ओळी गायब. दुसऱ्या दिवशी ओपन्ड_टेबल्स शांत. ग्राहकाचा फोन आला की सॉफ्टवेअर हलकं वाटतंय, नवं मशीन घेतलं का? नाही म्हटलं.

वीस हजारच का, 'इन्फिनिटी' का नाही, हे मला त्या सपोर्टमधल्या माणसानंही विचारलं. याच कंपनीची कंटेनरवाली (मशीनच्या वेगळ्या कप्प्यात चालणारी) आवृत्ती घेतलीत तर उत्तर मिळेल. तिथं उलटा प्रकार आहे: मर्यादा अफाट, कंटेनरात एक अब्ज सात कोटींच्या घरातला आकडा दिसतो. मायएसक्यूएल ५.७ त्या आकड्याकडे बघून उघड्या फाइलींच्या नोंदीसाठी तेवढी जागा सुरुवातीलाच राखायला जातो आणि एकही क्वेरी चालायच्या आधी कित्येक गिगाबाइट मेमरी गिळून बसतो. मग मेमरी संपली म्हणून कर्नल त्याला मारतं, आणि लोक बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) कमी करत बसतात. कंटेनर चालवायचा असेल तर नोफाइलची मर्यादा यूलिमिटच्या पर्यायानं स्वतः द्या. माझी रीत अशी: हिशेबानं जे लागेल त्याच्या दुपटीच्या आसपास, गोल आकडा, आणि तो का ठेवला ते ओव्हरराइड फाइलीतच टिपणीत लिहून.

आता बॅकअप, कारण त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तिथं मला खरा राग आला.

कंपनीची बॅकअप सेवा एक्स्ट्राबॅकअप वापरते. साधन उत्तम आहे, मीही वापरते. त्याची रीत अशी की बॅकअप सुरू होताना ते सगळ्या टेबलस्पेसच्या, म्हणजे त्या आयबीडी, फाइली उघडतं आणि मध्ये टेबलांची रचना बदलली तरी गोंधळ नको म्हणून त्या उघड्याच ठेवतं. म्हणजे डेटाबेसला एकावेळी चारशे फाइलींवर भागवता येतं, बॅकअपला येत नाही. जितक्या आयबीडी फाइली, तितके डिस्क्रिप्टर. आमच्याकडे हजारो. आणि बॅकअप ही वेगळी प्रोसेस, तिची मर्यादा वेगळी. डेटाबेसची वाढवली म्हणून तिची वाढत नाही. डेटाबेस नीट झाल्यावर मी सहज तीच तपासणी बॅकअपवर केली. लॉगमध्ये एरर २४ अगदी शब्दशः, बॅकअप अर्धवट. पॅनेलवर हिरवी खूण. स्क्रिप्ट शेवटी काय परत करते ते न बघता 'चालली' एवढ्यावर खूण लागत होती. स्नॅपशॉट होते म्हणून डेटा असुरक्षित नव्हता, पण ज्या सेवेचे पैसे घेतले ती सेवा मिळत नव्हती.

इथं मात्र लिमिट्स डॉट कॉन्फचा उपयोग झाला! बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालतो, आणि उबुंटूत क्रॉन पॅम_लिमिट्समधून जातं. फक्त एक मेख आहे. मदतपानावर सगळ्यांसाठी म्हणून ताऱ्याची खूण घालून ओळ दिलीय, आणि तो तारा रूटला लागू होत नाही. क्रॉन रूटचा. रूट असं नाव घेऊन वेगळी ओळ लिहावी लागते, सॉफ्टची आणि हार्डची. ती लिहिली आणि बॅकअप पुरा झाला. एक्स्ट्राबॅकअपला ओपन-फाइल्स-लिमिट हा पर्याय देऊनही भागतं, पण स्क्रिप्ट कंपनीची, प्रत्येक अपडेटला नवी येते. क्लोज-फाइल्स नावाचाही पर्याय आहे, जो फाइली वाचून झाल्यावर बंद करतो. बॅकअप चालू असताना टेबलांमध्ये बदल होत असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तो अर्धा तारा. चौथ्या उत्तराच्या वेळी तिकीट दुसऱ्या माणसाकडे गेलं. त्यानं पाठ केलेलं काही लिहिलं नाही. प्रोकमधली ती ओळ मागितली, युनिट फाइलीची ओळ मागितली, आणि लिहिलं, 'मॅडम, तुमचं बरोबर आहे, ही आमचीच फाइल आहे. मी इमेजच्या टीमकडे पाठवतो.' पाठवलं असणारच, त्याबद्दल मला शंका नाही. टीमनं काय केलं ते वेगळं. नव्या इमेजचं मशीन उघडून बघितलं: बॅकअपची हिरवी खूण आता अर्धवट बॅकअपला लागत नाही, लाल फुली येते. मदतपानावरचा फाइल-मॅक्सचा उपाय काढलाय. युनिट फाइलीत लिमिटनोफाइल अजून १०२४.

तेव्हा कुणी घ्यावी? रूट म्हणून मशीनवर शिरायला ज्यांचा हात कचरत नाही त्यांनी जरूर घ्यावी. या वर्गात इतकी एकसारखी चालणारी डिस्क मला दुसरीकडे मिळालेली नाही. मशीन हाती आलं की पहिल्यांदा लिमिट्सची ती ओळ बघा, ओव्हरराइड घाला, आणि मगच डेटा चढवा. टेबलं मोजकी आणि कनेक्शन पन्नासेक असतील तर १०२४ मध्येही काही बिघडणार नाही, तुम्हाला हा लेख वाचायचीही गरज नव्हती. ज्यांच्याकडे डेटाबेस बघणारं कुणी नाही आणि पॅनेलवरच सगळी भिस्त आहे, त्यांनी याच पैशात पूर्ण मॅनेज्ड सेवा शोधावी.

मी मशीन ठेवलंय, पुढच्या मुदतीचे पैसेही भरलेत. बॅकअपची सेवा बंद केली. एक्स्ट्राबॅकअप आता माझ्या स्वतःच्या सिस्टमडी टायमरवर चालतो, त्याच्या युनिटमध्ये लिमिटनोफाइल वेगळं दिलंय, आणि काढलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा राहतो की नाही हे तिथंच आपोआप तपासलं जातं.